सायकलच्या मागे गाडी हवी का?

पत्राचा सारांश: बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम भागात एकत्र कुटुंबात राहणाऱ्या ४४ वर्षांच्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतात आणि काही वर्षांपासून रविवारी माउंटन बाइकवरून जांबोटी, नंदगड, हलशी अशा फेऱ्या मारतात. दिवाळीनंतर रजा काढून खानापूरहून दांडेली, यल्लापूर, शिरसी, जोग, सागर, तीर्थहळ्ळी, शृंगेरी, मुडिगेरे, सकलेशपूर असे करत मडिकेरीपर्यंत, म्हणजे सुमारे ६०० किलोमीटर, सायकलने जाण्याचे त्यांनी ठरवले आहे. घरून विरोध होईल अशी त्यांची अटकळ होती, पण घडले उलटेच. यजमान म्हणाले, ‘आम्ही गाडी घेऊन पूर्ण वेळ तुझ्या मागे राहू.’ दिरांनी रोज १०० किलोमीटरप्रमाणे सहा दिवसांचे वेळापत्रक करून दिले. पुतण्याने जुनी सायकल विकून महागडी नवी घेण्याचा आग्रह धरला. शृंगेरीचे दर्शन होईल म्हणून सासूबाईंनी आपली बॅग काढून ठेवली. त्या लिहितात, ‘सगळे इतके भरभरून करत आहेत की नको म्हणायला जीभ रेटत नाही, पण गाडी सतत मागे आली तर तो प्रवास माझा उरणार नाही. मला पाठिंबा हवा होता, मिळाला तो पहारा. एकटीच जाते म्हणाले तर मी कृतघ्न ठरेन का? आणि तयारी तरी नेमकी कशी करू?’

ताई, गाडी हवी की नको हा विषय घरात काढण्याआधी ती गाडी दिवसभर काय करणार आहे, हे एका कागदावर मांडून पाहा. मलनाडातल्या, म्हणजे पश्चिम कर्नाटकच्या डोंगराळ भागातल्या, चढउतारांच्या रस्त्यावर सामान लावलेल्या माउंटन बाइकचा सरासरी वेग ताशी १२ ते १४ किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. म्हणजे ६० किलोमीटरच्या टप्प्याला नुसते पेडल मारण्याचेच साडेचार-पाच तास होतात आणि नाश्ता, पाणी, विश्रांती, एखादे पंक्चर धरले तर सात तास सहज जातात. या सात तासांत तुमच्या यजमानांनी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचवर पाय ठेवून, तुमच्या पाठीकडे बघत गाडी रेटायची आहे. अशा गाडीत मी स्वतः बसलेली आहे, म्हणून सांगते की सायकल चालवणाऱ्याचे पाय थकण्याआधी गाडीतल्या माणसांचा जीव विटतो. पहिल्या दिवशी खिडकीतून टाळ्या येतात, दुसऱ्या दिवशी गाडीत फारसे कोणी बोलत नाही आणि तिसऱ्या दिवसापासून ‘आज जरा लवकर आटप’ असे ऐकू येऊ लागते.

कंटाळ्याचे एक वेळ निभावून नेता येईल, पण सुरक्षिततेचे काय? मागे घरची गाडी असली की सायकलस्वाराला धोका नाही, हे गृहीतक ऐकायला पटते. दुपदरी घाटरस्त्यावर मात्र ते बरेचदा उलटे ठरते. एकट्या सायकलला मागून येणारी बस किंवा ट्रक थोडी वाट बघून, थोडी जागा सोडून निघून जातो. त्याच सायकलच्या मागे तितक्याच वेगाने सरकणारी मोटार असली, तर पार करायचे अंतर कितीतरी वाढते, मागे वाहनांची रांग लागते आणि वैतागलेला एखादा चालक वळणावरच ओव्हरटेक करायला काढतो. समोरून काही आले की तो झटकन डावीकडे आत शिरतो, आणि तो आत शिरतो त्या जागी नेमक्या तुम्ही असता. हल्याळपर्यंतच्या पट्ट्यात तर दिवाळीनंतर उसाच्या डबल ट्रॉल्याही रस्त्यावर असतील. मोटारीचे चारही दिवे लुकलुकत ठेवल्याने यातले काही टळत नाही. उलट गाडी थांबली आहे की चालू आहे, हेच मागच्याला कळत नाही.

म्हणून गाडी न्यायचीच असेल तर ती मागे ठेवू नका, पुढे पाठवा. सकाळी निघताना पहिले भेटीचे ठिकाण ठरवायचे, साधारण १५ ते २० किलोमीटरवर एखादे बसस्थानक, पेट्रोल पंप, शाळा किंवा देऊळ. गाडीने सरळ तिथे जाऊन थांबायचे. तुम्ही पोहोचलात की पाणी, खाणे, दहा मिनिटे बसणे, आणि पुढचे ठिकाण. यात तुमचा रस्ता तुमचा राहतो आणि गाडीतल्यांनाही त्यांचा दिवस मिळतो. तुम्ही शिरसीकडे चढत असताना ते बनवासीला जाऊन येऊ शकतात. तुम्ही रविवारी ज्या हलशीला जाता ती कदंबांची दुसरी राजधानी होती आणि मुख्य राजधानी बनवासी, हे सासूबाईंना सांगितलेत तर मधुकेश्वराचे देऊळ त्यांना परके वाटणार नाही. सागरजवळ इक्केरी आणि केळदी आहे, तीर्थहळ्ळीजवळ कवलेदुर्ग आहे. गाडीतल्या माणसांना स्वतःचे काही बघायला असले की ती तुमच्याकडे कमी बघतात. तुम्हाला हवी असलेली मोकळीक बहुधा भांडण न करता एवढ्यानेच मिळेल.

आता तुमच्या बाजूच्या गृहीतकाकडे वळते. गाडी आली तर प्रवास तुमचा उरणार नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मला यात पूर्ण तथ्य वाटत नाही. चढ तुम्हालाच चढायचा आहे, वारा तुमच्याच अंगावर येणार आहे, आणि सामान कोणाच्या डिकीत होते यावरून त्यात फरक पडत नाही. शिवाय तुम्ही आज रविवारी सकाळी जांबोटीला जाता, तेव्हा घरी नाश्ता कोण करते? सासूबाईंच्या गोळ्या कोण देते? पत्रात तुमच्या जाऊबाईंचा एका वाक्यातही उल्लेख नाही, पण एकत्र कुटुंबात एक बाई बारा-चौदा दिवस घराबाहेर राहणार म्हटल्यावर तिच्या वाट्याचे काम हवेत विरत नाही, ते दुसऱ्या बाईच्या वाट्याला जाते. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. घरातल्या प्रत्येकाने काय देऊ केले ते त्यात आहे; तुम्ही काय मागितले ते कुठेच नाही. तुम्ही मागितले नाही म्हणून ज्याला जे सुचले ते त्याने दिले: कोणी गाडी दिली, कोणी वेळापत्रक, कोणी नवी सायकल. यात पहारा करण्याचा हेतू मला दिसत नाही. नेमके काम न सांगितलेली मायेची माणसे अशीच वागतात.

तेव्हा नकार देण्याऐवजी काम वाटून द्या. जाऊबाईंशी आधी बोला, आणि यजमानांसमोर बोला, म्हणजे घरातले जास्तीचे काम त्यांच्या एकटीवर न पडता पुरुषांमध्येही वाटले जाईल. पुढच्या वर्षी त्यांना माहेरी किंवा कुठे आठ दिवस जायचे असेल तर तुम्ही काय कराल, हेही त्याच बैठकीत ठरवा. दिरांना मुक्कामाच्या गावांतल्या खोल्या आणि दवाखाने शोधण्याचे काम द्या. आखणीची हौस आहे तर ती कामाला लागू दे. पुतण्याला सायकलची ओव्हरहॉलिंग शिकून घ्यायला सांगा. यजमानांना गाडी. या सदराकडे पुरुष वाचकांचीही अशा प्रवासांबद्दल पत्रे येतात आणि त्यांत बायको गाडीतून डबे घेऊन येणार हे बहुधा विचारल्याशिवायच धरलेले असते. त्यांनीही हा परिच्छेद वाचावा.

तुमच्यापुढे मला तीन मार्ग दिसतात. पहिला, वर सांगितल्याप्रमाणे गाडी पूर्ण प्रवासभर, पण पुढे. दुसरा, गाडी मुळीच नाही. मागच्या कॅरिअरवर दोन पिशव्या, रोज गावात मुक्काम, आणि अगदीच वेळ आली तर सायकल टाकायला एखादा छोटा हत्ती भाड्याने करायचा. या मार्गावर तालुक्याची गावे फार दूर नाहीत, तुम्हाला कन्नड बोलता येत असणार, त्यामुळे हाही वेडेपणा नाही. तिसरा मार्ग मला तुमच्यासाठी सर्वांत योग्य वाटतो: सागरपर्यंत तुम्ही एकट्या जा, जोगला किंवा सागरला घरचे लोक गाडी घेऊन येऊ देत आणि तिथून पुढे मडिकेरीपर्यंत ते सोबत राहू देत. याला कारण आहे. शिरसीपर्यंत काही झाले तरी यजमान बेळगाव भागातून चार-पाच तासांत तुमच्यापर्यंत पोहोचू शकतात. पुढे शृंगेरी, मुडिगेरे, सकलेशपूर या पट्ट्यात घर लांब पडते, कॉफीच्या मळ्यांमधले रस्ते निर्जन आहेत, आणि तिथे जंगली हत्तींचा वावर आहे. तिथे गाडीचा खरा उपयोग आहे. शिवाय यजमानांची रजा निम्मी वाचते आणि सगळ्या घराच्या सगळ्या रात्रींच्या खोल्यांचा खर्चही.

यजमानांशी बोलताना ‘मला एकटीला जाऊ द्या’ अशी सुरुवात करू नका, कारण त्यांना त्यात ‘तुम्ही नकोत’ एवढेच ऐकू येईल. ‘अहो, गाडी आणाच, पण सागरला आणा, आणि तिथून माझ्या मागे न राहता पुढे जाऊन थांबा’ असे सांगा, आणि मागच्या गाडीमुळे ओव्हरटेकचा धोका कसा वाढतो ते कागदावर काढून दाखवा. भीती वाटणाऱ्या माणसाला भीती सोडायला सांगून ती सुटत नाही, पण हातात काम आले की ती पुष्कळ आवरते. कृतघ्नपणाचा प्रश्न यात कुठे येतो, हे मला दिसत नाही.

दिरांचे वेळापत्रक मात्र बाजूला ठेवा. हमरस्त्यावर, रोडबाइकवर, एखाद्या दिवशी १०० किलोमीटर होतात. जाड टायरच्या सायकलवर, मलनाडात, सलग सहा दिवस ते करणे म्हणजे चौथ्या दिवशी गुडघा धरून बसणे आहे. हा मार्ग घाटमाथ्यावरून जातो, त्यामुळे एकच मोठा घाट चढून मोकळे झालो असे इथे होत नाही. ओढ्यात उतरायचे, पलीकडे चढायचे, पुन्हा उतरायचे, असे दिवसभर चालते, आणि शेवटी मडिकेरी सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. रोज ५० ते ६५ किलोमीटर धरा, चौथ्या-पाचव्या दिवसानंतर एक आणि शृंगेरीला एक असे दोन पूर्ण विश्रांतीचे दिवस ठेवा, म्हणजे बारा-तेरा दिवसांत प्रवास होतो. रजा तेवढी मिळत नसेल तर वेग वाढवू नका, प्रवास सागरला संपवा. उरलेला टप्पा पुढच्या वर्षी करता येतो.

सराव सोळा आठवड्यांचा तरी हवा आणि तुमच्या हातात तो काळ पावसाचा आहे. आपला जिल्हा यात मोठा सोयीचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबीकडे धुके आणि मुसळधार पाऊस असतो, तेव्हा सांबऱ्यावरून नेसरगीकडे किंवा बैलहोंगलकडे निघालात तर कितीतरी वेळा रस्ता कोरडा मिळेल. तिकडे डांबर सोडून शेतरस्त्याला मात्र जाऊ नका. काळ्या मातीचा चिखल टायर आणि फ्रेमच्या मध्ये असा दाटतो की चाक फिरत नाही. आठवड्यातून दोन दिवस तास-दीड तास, एक दिवस घरी पाय आणि पोट-कमरेचे व्यायाम, आणि रविवारी लांब फेरी, एवढे पुरते. रविवारचे अंतर दर आठवड्याला थोडे वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. शरीर विश्रांतीतच सावरते. शेवटच्या सहा आठवड्यांत मात्र शनिवार-रविवार लागोपाठ चालवा, कारण लांबच्या प्रवासात पहिला दिवस सगळ्यांनाच जमतो आणि दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी खोगिरावर बसणे हा वेगळाच अभ्यास आहे.

घाटमाथ्यावर राहणाऱ्या आपल्या लोकांची एक अडचण अशी की आपला घाट आधी उतरतो. बेळगावहून आंबोली सत्तरेक किलोमीटर आहे, लोक ‘आंबोलीला सायकलने गेलो’ असे अभिमानाने सांगतात, पण आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे आणि बेळगाव तिच्याहून थोडे उंचच. खरा चढ हवा असेल तर आंबोलीहून खाली उतरून परत चढावे लागते, किंवा पाऊस ओसरल्यावर चोर्ल्याला जाऊन गोव्याच्या बाजूला काही किलोमीटर उतरून मागे फिरावे लागते. त्या चढावर बसून, सर्वांत हलक्या गिअरमध्ये, बोलता येईल इतक्याच दमाने चढायची सवय करा. उभे राहून पेडल मारल्याने चढ लवकर संपतो असे वाटते, पण त्याची किंमत दुपारनंतर मोजावी लागते.

नव्या सायकलविषयी पुतण्याला थोडे गणित दाखवा. चढावर महत्त्वाचे काय, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक किती फिरते. तुमच्या जुन्या तीन गुणिले आठ गिअरच्या सायकलला पुढचे सर्वांत लहान चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचे दातेरी चक्र, २२ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे चक्र ३४ दात्यांचे असेल, तर चाक ०.६५ फेरा फिरते. आजच्या महागड्या सायकलला पुढे एकच ३२ दात्यांचे चेनरिंग आणि मागे ५१ पर्यंतची कॅसेट, म्हणजे चक्रांचा संच, असते. तिथे हाच आकडा ०.६३ येतो. म्हणजे चढण्यापुरता फरक नावापुरताच आहे. तुमचे दाते स्वतः मोजा. पुढे २४ आणि मागे ३२ निघाले तर आकडा ०.७५ होतो आणि तो सामानासह जड पडेल; तेव्हा मागची कॅसेट बदलून घेणे नव्या सायकलपेक्षा फार स्वस्त आहे. वाचलेल्या पैशातून चांगले टायर, ब्रेकचे नवे पॅड, नवी चेन आणि तुमच्या बसण्याच्या हाडांच्या रुंदीची सीट घ्या. टायर फार खोल नक्षीचे नकोत. रस्ता मुख्यतः डांबरी आहे, मधेमधे उखडलेला. खोगिराची उंची पाहण्याची साधी रीत अशी: टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे, मग पंजा पेडलवर आल्यावर गुडघ्यात हवा तेवढा वाक राहतो. हे जमले नाही तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते आणि लोक वयाला दोष देतात.

पंक्चर तुम्हाला स्वतःला काढता आलेच पाहिजे, गाडी असो वा नसो. नुसती ट्यूब बदलून चालत नाही. टायर अर्धा उतरवला की आतून बोटांची टोके हलक्या हाताने पूर्ण गोल फिरवा. बाभळीचा काटा बाहेरून मोडलेला असतो आणि आत तांदळाच्या कणीएवढे टोक उभे असते. ते नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही, आणि राहिले तर नवी ट्यूब पुढच्या पाच मिनिटांत बसते. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली हे चार वेळा करून पाहा. मागचा गिअर ज्या लहानशा पट्टीवर लटकतो, तो डिरेलर हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि सायकल नुसती उजवीकडे पडली तरी वाकतो. तुमच्या मॉडेलचा एक जादा आत्ताच मागवून ठेवा, कारण वाटेतल्या दुकानांत तो मिळण्याची आशा धरता येणार नाही.

शरीराविषयी मोकळेपणाने लिहिते, कारण या विषयावर बायका एकमेकींशीही बोलत नाहीत. सरावाआधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि विशेषतः हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि ते सांगतील तर ईसीजीही. चाळिशीनंतर पाळी अनियमित होणे, जास्त जाणे हे बऱ्याच जणींना होते आणि चढावर लागणारा दम पुष्कळदा वयामुळे नसून रक्त कमी असल्यामुळे लागतो. पॅड असलेली सायकलची पँट अंतर्वस्त्राशिवाय, थेट अंगाला घालायची असते. अंतर्वस्त्राच्या मधल्या शिवणीमुळेच कातडे सोलते. वर सलवार किंवा सैल ट्रॅक घाला, कोणी बघत नाही. मुक्कामी पोहोचल्याबरोबर, चहाच्याही आधी, ती बदला आणि धुवा. पाणी कमी पिऊन लघवी टाळण्याची आपल्या बायकांची सवय इथे सर्वांत घातक आहे. ठरलेल्या जागी उभी असलेली घरची गाडी कपडे बदलायला, आडोशाला उपयोगी पडते. मी तिच्या बाजूने आहे याचे हे एक मोठे कारण.

खाण्यासाठी महागड्या पाकिटांवर खर्च करू नका. तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि अर्धा लिटर पाणी पोटात गेले पाहिजे, भूक लागो वा न लागो. आपल्याकडे गोकाकचा करदंट आहे. गूळ, डिंक, खोबरे आणि सुकामेवा यांची ती वडी खिशात मावते, उन्हात लगेच बिघडत नाही आणि कुठल्याही परदेशी पाकिटाची बरोबरी करते. सोबत केळी, आणि एका बाटलीत ओआरएस. तूप लावलेल्या पोळ्यांचा डबा दुपारी नको, तो मुक्कामावर.

मुहूर्ताबाबत तुमची निवड बरोबर आहे. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारी विजांसह गाठतो, आणि डिसेंबर लागला की दुसरी एक काळजी सुरू होते. सिद्धापूर, सागर, तीर्थहळ्ळी, शृंगेरी हा माकडतापाचा प्रदेश आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली हा रोग प्रथम आढळला, म्हणून त्याला ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ असेही नाव मिळाले. तिकडे लोक त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात. गोचिडीच्या चाव्यातून तो होतो आणि त्याचा जोर मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात असतो. नोव्हेंबरात निघून महिनाअखेरीस परत येणे म्हणून उत्तम. तरीही रानात पाचोळ्यावर बसू नका, आडवे तर मुळीच होऊ नका, मोजे उंच घाला, उघड्या अंगाला कीटकरोधक मलम लावा, आणि रोज संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे नीट पाहा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता पुढच्या गावात सांगा. परतल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठून आलो ते आधी सांगा. गाडीतून उतरून देवळामागच्या रानात फिरणाऱ्या घरच्यांनाही हे सगळे लागू आहे.

हत्तींसाठी नियम एकच: मुडिगेरे ते मडिकेरी पट्ट्यात उजाडून ऊन पडल्याशिवाय निघायचे नाही आणि दुपारी चारच्या आत खोलीत असायचे. सायकलचा आवाज होत नाही, वळणावर दोघेही एकमेकांना दचकवतात. आदल्या रात्री लॉजवाल्याला किंवा चहावाल्याला विचारा. कुठल्या मळ्यात कळप आहे हे त्यांना माहीत असते. अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्यांच्या वेळा वनखात्याच्या चौकीवर विचारूनच त्या दिवसाचा टप्पा ठरवा.

आता फोन. यजमान दर वीस मिनिटांनी फोन करणार असतील तर तुम्ही दर वीस मिनिटांनी थांबणार, हातमोजे काढणार आणि ‘हो, ठीक आहे’ म्हणणार. लाइव्ह लोकेशनवर विसंबू नका; जंगलात रेंज गेली की नकाशावरचा ठिपका एका जागी अडकतो, तुम्ही मजेत चालवत असता आणि घरी धावपळ सुरू होते. त्यापेक्षा तीन वेळा ठरवा: निघताना, दुपारी, पोहोचल्यावर. गाडी सोबत असताना नियम असा की ठरलेल्या वेळेहून पाऊण तास उशीर झाला तरच गाडी मागे वळेल, त्याआधी नाही. आणि तुम्हीही मधला फाटा दिसला म्हणून रस्ता बदलायचा नाही. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक, तुमचा रक्तगट आणि चालू औषधे एका कागदावर लिहून सायकलच्या पिशवीत ठेवा. हा करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला तरच टिकेल.

थांबायचे कधी, हे मात्र घरी बसूनच ठरवा, चढावर नव्हे. छातीत दुखणे, चक्कर, ताप, डोक्याला मार, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही न ओसरलेली गुडघेदुखी, यांपैकी काही झाले तर यजमान ‘बस’ म्हणतील आणि तुम्ही वाद घालणार नाही. बाकी सर्व बाबतींत, म्हणजे दमलेला चेहरा, ऊन, पाऊस, उशीर यांत निर्णय तुमचा आणि ते वाद घालणार नाहीत. हे दोन्ही अधिकार एकदम मांडलेत तर त्यांनाही मान्य करणे सोपे जाईल.

आणि हे सगळे आधी लहान प्रमाणात करून पाहा. पाऊस ओसरला की एखाद्या शनिवारी आंबोलीचा दोन दिवसांचा प्रवास ठेवा: पहिल्या दिवशी पोहोचून मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा घाट उतरून-चढून परत. गाडी न्या, ती पुढे पाठवा, भेटीची ठिकाणे ठरवा, फोनचे नियम पाळून पाहा, आणि घरी जाऊबाईंचे ते दोन दिवस कसे गेले ते आल्यावर विचारा. सासूबाईंनाही न्या. एवढ्या प्रवासात गाडीत बसून आणि ठिकठिकाणी थांबून त्यांची कंबर काय म्हणते हे त्यांना स्वतःला कळले, तर शृंगेरीसाठी पहिल्या दिवसापासून निघायचे की सागरला येऊन मिळायचे, हे त्या तुमच्या आधीच ठरवून टाकतील.